बँकेच्या अ‍ॅपला नेमकं काय तपासायचंय?

महोदय,

मोबाइलमधल्या खासगीपणाबद्दलचा सल्ला बहुधा ‘अ‍ॅपच्या परवानग्या तपासा’ इथेच संपतो. त्यापुढे जाऊन ज्यांनी फोनची ऑपरेटिंग सिस्टिमच बदलली, त्यांची अडचण फारशी मांडली जात नाही, म्हणून हे पत्र.

अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड खुला आहे. त्यावर ग्राफीनओएस, लिनीजओएस, /ई/ओएस अशा सिस्टिम उभ्या आहेत. त्यांना एकाच माळेचे मणी समजू नये. लिनीज जुन्या फोनना जीवदान देते, पण बहुतेक फोनवर त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम तपासून चालू करणारा प्रोग्रॅम) उघडा, म्हणजे लॉकविना, ठेवावा लागतो. सुरक्षेच्या दृष्टीने ही पडती बाजू. ग्राफीन बसवल्यावर तो पुन्हा लॉक करता येतो. मी तीच वापरतो, तीही पिक्सेलवर. गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन, हा विनोद आम्ही केव्हाच पचवला आहे!

सोय मात्र खरी आहे. एखादं अ‍ॅप कॉन्टॅक्ट मागत हटून बसलं, तर ‘कॉन्टॅक्ट स्कोप्स’मधून त्याला निवडक दोन नंबर द्यायचे, किंवा एकही नाही. परवानगी मिळाली असं समजून ते रिकामी यादी वाचत बसतं. कीबोर्डचं इंटरनेट एका बटणाने तोडता येतं. प्ले स्टोअर हवंच असेल तर तेही बसतं, पण इतर अ‍ॅपसारखं, विशेष अधिकारांविना. अर्थात सिम घातलं की फोन कुठे आहे हे टॉवरला कळणारच. त्यावर कुठल्याच सिस्टिमकडे तोड नाही.

घोडं अडतं ते बँकेपाशी. एका अपडेटनंतर माझ्या बँकेचं अ‍ॅप ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ म्हणून बंद होऊ लागलं. ग्राहकसेवेचं उत्तर ठरलेलं: दुसरा फोन वापरा. अशी अ‍ॅप बहुधा गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ या फोन तपासणाऱ्या सेवेवर विसंबतात. तिच्या नेहमीच्या पातळीवर फोन गूगल-प्रमाणित आहे का, हे पाहिलं जातं. शेवटचा सुरक्षा अपडेट कधीचा, हे नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेला फोन आत जातो आणि ताजे अपडेट असलेला, बूटलोडर लॉक केलेला ग्राफीनचा फोन दाराबाहेर राहतो. याला सुरक्षा कसं म्हणायचं?

तांत्रिक मार्ग आहे. अँड्रॉइडमधल्या हार्डवेअर अटेस्टेशनमुळे फोनमधली चिपच सही करून सांगते की कुठली सिस्टिम, कोणाच्या डिजिटल किल्लीने (‘की’ने) पडताळून सुरू झाली आहे. ग्राफीनने आपल्या ‘की’चे ठसे, म्हणजे ती ओळखायच्या खुणा, जाहीर केलेले आहेत. बँकेने ते आपल्या यादीत घालायचे, एवढंच.

तेवढं करायचं नसेल, तर निदान वेबसाइट तरी पुरती चालू द्यावी. सध्या तिथला व्यवहारही त्याच अ‍ॅपमध्ये जाऊन ‘मंजूर’ करायला सांगतात. त्याऐवजी ओटीपी देणारं छोटं यंत्र किंवा सिक्युरिटी की (ओळख पटवणारं, जोडायचं छोटं उपकरण) चालावी. त्याचे पैसे ग्राहकाकडून घेतले तरी माझी हरकत नाही.

– एक वाचक