निबंध सतरंजीवर पसरायला लावणाऱ्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर ते लाल पेनाच्या खुणांसकट परत आलं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय बदलता. इथे ती सोय नाही. आणि सत्र संपत आलं की माझ्यासारखी कितीतरी मुलं सेमिनार पेपर, असाइनमेंट, निबंध अशा नावांनी डोक्याला हात लावून बसलेली असतात. त्यांच्या वाड्यात तुम्ही राहत नाही, तर निदान हे त्यांच्यापर्यंत जावं.

त्यांच्यासाठी थोडी ओळख. आमच्या वाड्यातले हे काका एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. उभी हयात डेस्कवर गेली. वार्ताहरांच्या बातम्या नीट करायच्या, मथळे द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी नाव मात्र वार्ताहराचं. आता निवृत्त आहेत, तरी वाड्यात कुणाच्या लग्नाची पत्रिका छापायची असली तर ती आधी त्यांच्या हाताखालून जाते. मी एम. ए. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. निबंधाला विषय मिळाला होता 'महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना', शब्दमर्यादा तीन हजार.

मी कच्चा खर्डा घेऊन आले तेव्हा त्यात सगळं होतं. 1972 चा दुष्काळ होता, या योजनेचे जनक वि. स. पागे होते, रोजगार हमीचा 1977 चा कायदा होता, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला ही तारीख होती, केंद्राचा 2005 चा कायदा होता. फायदे होते, तोटे होते, आमची आजीसुद्धा होती. रुखवत मांडल्यासारखं एकेक पुढ्यात ठेवलेलं. तुम्ही पहिलं पान वाचलंत, शेवटचं वाचलंत, मधली चाळलीत आणि म्हणालात, "माल चांगला आहे. आता प्रश्न सांग."

"कसला प्रश्न?"

"ज्याचं उत्तर म्हणून हे लिहिलंयस तो."

काका, शाळेत आणि कॉलेजात इतकी वर्षं मी निबंध लिहिले, पण हे कुणी विचारलं नव्हतं. शाळेत आम्हाला नदीचं आत्मवृत्त लिहायला लावतात, मी पंतप्रधान झालो तर काय करीन ते विचारतात. त्यात भाषा सजवायची सवय होते, काही पटवून द्यायची होत नाही. मग कॉलेजात विषय मिळाला की आपण त्याविषयी सापडेल ते गोळा करतो आणि प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप अशा तीन डब्यांत भरतो. विषय दुसऱ्यानं दिलेला असतो, प्रश्न आपण काढायचा असतो, हे तुम्ही त्या दुपारी मला करून दाखवलंत. नुसतं सांगितलं असतं तर मी मान डोलावून घरी गेले असते.

तुम्ही विचारत गेलात आणि मी उत्तरं देत गेले. दुष्काळात सरकारनं कामं काढली, हे 1972 साली नवीन होतं का? नव्हतं. इंग्रजांच्या राज्यात 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारनं काय करायचं याचे नियम, तयार झाले, त्यांत दुष्काळी कामांची तरतूद होतीच. मग 72 च्या दुष्काळात वेगळं काय? माणसं. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या कामांवर जवळपास 50 लाख लोक होते. "ते आकारमान झालं," तुम्ही म्हणालात, "वेगळेपण नव्हे." बरं, पागे यांनी तासगाव तालुक्यात हमीचा प्रयोग केला तो कधी? दुष्काळाच्या आधी, साठच्या दशकात. मग दुष्काळानं या योजनेला नेमकं काय दिलं? इथे मी थांबले. तुम्हीही थांबलात, आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. त्या गप्प बसण्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत, कारण तुम्हाला उत्तर माहीत होतं आणि तुम्ही ते दिलं नाहीत.

शेवटी प्रश्न सापडला तो असा: दुष्काळात काम देणं ही सरकारची मेहेरबानी होती, ते काम मागणं हा माणसाचा हक्क कसा झाला? एका ओळीत मावला. तुम्ही तो माझ्याच अक्षरात कागदावर लिहून घेतलात आणि पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवलात.

मग कात्री आली. संगणकाच्या आधीच्या दिवसांत डेस्कवर कात्री आणि डिंक असायचाच, बातमीचे तुकडे कापून पुन्हा चिकटवायचे, हे तुमच्याकडून ऐकलं होतं. पण माझा स्वच्छ प्रिंटआउट तुम्ही परिच्छेदापरिच्छेदाला कापायला लावाल असं वाटलं नव्हतं. सतरंजीवर तुकडे मांडले. पंखा बंद केला. काकू वैतागल्या, पण उकाडा सोसला त्यांनीही. मग प्रत्येक तुकडा उलटा करून पाठीमागे पेन्सिलीनं एकच ओळ लिहायची: हा परिच्छेद काय म्हणतो? 'दुष्काळाची माहिती' असं लिहिलेलं चालणार नव्हतं. माहिती हे म्हणणं नव्हे. क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य हवं. 'फॅमिन कोडनुसार काम कधी सुरू करायचं आणि कधी बंद करायचं हे सरकार ठरवत असे, मजूर नव्हे.' अशी.

निबंधाचं काम करणाऱ्या कुणालाही मी ही एकच युक्ती सांगेन, बाकी सगळं विसरलं तरी चालेल. पाठीमागची ओळ लिहिताच येईना, तर त्या परिच्छेदात दोन-तीन गोष्टींची गर्दी झालेली असते किंवा एकही नसते. दोन तुकड्यांमागे तीच ओळ आली तर एक तुकडा बाजूला. आणि ओळ आली, पण तांब्याखालच्या प्रश्नाशी तिचा संबंध लागेना, तर तो परिच्छेद कितीही सुंदर असो, दुसऱ्या निबंधाचा. माझ्या खर्ड्यातला कापसाच्या भावावरचा उतारा असाच गेला. अजून वाईट वाटतं. चांगला होता तो.

तुकडे लावताना मी सनावळीनंच लावत होते. 1880, 1972, 1977, 2005. तुम्ही हात लावला नाहीत, फक्त प्रत्येक दोन तुकड्यांच्या फटीवर बोट ठेवून विचारलंत, "इथे कोणता शब्द येईल?" आणि मग दाखवलंत की माझ्या खर्ड्यात प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात 'तसेच', 'याशिवाय', 'त्याचप्रमाणे' अशीच होती. या शब्दांनी जोडलेले परिच्छेद कसेही पिसले तरी फरक पडत नाही. जिथे 'पण', 'म्हणून', 'तरीही', 'मग' बसतो तिथे मात्र क्रम बदलता येत नाही, कारण पुढचा परिच्छेद मागच्याच्या खांद्यावर उभा असतो. मी तिथेच बसून जोड्या लावल्या. इंग्रजांच्या काळापासून कामं निघत होती, पण ती सरकारच्या मर्जीवर होती. 72 साली त्या मर्जीवर लाखो माणसं एकदम येऊन पडली, म्हणून तासगावचा छोटा प्रयोग राज्यभर करण्याची निकड दिसली. शासनाच्या ठरावानं योजना आली, तरीही एका शासनाचा ठराव पुढच्या शासनाला फिरवता येतो, म्हणून कायदा लागला. कायदा झाला, पण पैसा कुठला?

आणि इथेच तो व्यवसाय कराचा परिच्छेद. माझ्याकडे तो सगळ्यात शेवटी, 'निधीची तरतूद' या मथळ्याखाली पडला होता, असलाच पाहिजे म्हणून असलेला. तुम्ही आत जाऊन जुनी पगारपत्रकं घेऊन आलात आणि 'पी. टी.' (प्रोफेशन टॅक्स, म्हणजे हाच कर) लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवलंत. आजही महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार असलेल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये जातात, वर्षाला 2500. हा कर 1975 च्या कायद्यानं आला तोच मुळी रोजगार हमीसाठी, आणि जेवढा जमा होईल तेवढीच भर राज्य सरकारनं घालायची अशी रचना होती. म्हणजे शहरातल्या कारकुनाच्या पगारातून खेड्यातल्या मजुराची मजुरी. तुम्ही इतकी वर्षं तो रकाना पाहत होतात, मी त्यावर परिच्छेद लिहिला होता, आणि तरी तो निबंधाचा कणा आहे हे त्या दुपारी दोघांनाही एकदम दिसलं. ठरलेला पैसा पाठीशी नसता तर हक्क कागदावर राहिला असता. शेवटचा तुकडा मधोमध आला आणि आजूबाजूचे आपोआप सरकले.

आजीचंही सांगायला हवं. 72 साली ती खडी फोडायला जात होती. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, उन्हात तापलेली घमेली, हे सगळं मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, कारण सुरुवात मनाला भिडणारी हवी असं आम्हाला शिकवलेलं. आता हे कापणार, अशी मी मनाची तयारी केली होती. तुम्ही कापलं नाहीत. विचारलंत, "आजीनं सांगितलेल्यातलं प्रश्नाशी लागणारं काय?" आठवून पाहिलं तेव्हा सापडलं. मुकादमानं मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव घेतलं तर काम, नाही घेतलं तर तशीच परत. आणि परत पाठवलं तर जाब कुणाला विचारायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. ते वाक्य मी खर्ड्यात घेतलंच नव्हतं, सुकडीची चव घेतली होती. आता आजी दुसऱ्या पानावर आली, फॅमिन कोडच्या लगेच नंतर, चार ओळींत. कायद्यानं काय बदललं ते कळायला आधी जाब विचारायची जागा नसणं म्हणजे काय ते कळावं लागतं, आणि ते माझ्या कुठल्याही संदर्भापेक्षा तिच्या चार ओळींत जास्त आहे. सरांनी नेमकी तिथेच समासात बरोबरची खूण केली आहे.

आक्षेपांचं मला तितकं पटलं नव्हतं, ते इथे कबूल करते. खोटी मस्टरं, पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते, हे सगळं 'तोटे' म्हणून शेवटी ठेवायची पद्धत आहे आणि बरेच प्राध्यापक तेच अपेक्षितात. तुम्ही म्हणालात, आक्षेप शेवटी ठेवलास तर वाचक तेवढाच घेऊन घरी जाईल. मधे आण, नीट पूर्ण ताकदीनं मांड, आणि मग त्याच्याशी भांड. मधे आणल्यावर मला एक दिसलं: खोट्या मस्टरविरुद्ध लोक आवाज उठवू शकले तेच मुळी काम हा हक्क झाल्यामुळे. मेहेरबानीत अफरातफर झाली तर तक्रार कसली करणार? पण निकृष्ट कामांचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नव्हतं, आणि ते तसंच, अपुरं, लिहावं की नाही यावर आपण वाद घातला. मी लिहिलं. तुम्ही अजूनही म्हणता की तो परिच्छेद लंगडा आहे. असू दे.

एका बाबतीत मात्र तुमचा धंदा आडवा आला, बरं का. तुमची बातमी वरून खाली उतरत जाते. महत्त्वाचं आधी, आणि जागा कमी पडली तर खालून कापायचं. त्या हिशेबानं तुम्ही माझ्या निबंधाचा शेवट सहज छाटायला निघालात. मी हात धरला. निबंध खालून कापता येत असेल तर तो निबंधच झाला नाही. शेवटचा परिच्छेद गेल्यावर उत्तर अर्धवट राहिलं पाहिजे. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "हे मात्र मला सुचलं नसतं." त्या एका वाक्यासाठी मी अजून एक निबंध लिहीन. पण शेवटी टाकलेली कवितेची ओळ गेली, आणि 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' ही सुरुवातही गेली, त्याबद्दल तक्रार नाही. निबंध आता सरळ प्रश्नानं सुरू होतो आणि 2 फेब्रुवारी 2006 ला 200 जिल्ह्यांत सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत महाराष्ट्राचं काय गेलं आणि काय मागे राहिलं, तिथे संपतो.

आकडे तपासायला लावलेत तेही. 'असे म्हटले जाते' दिसलं की तुमचा प्रश्न ठरलेला, "कुणी म्हटलं? नाव सांग, नाहीतर काढ." ग्रंथालयात त्यासाठी बसावं लागलं, आणि एक-दोन आकडे खरंच काढावे लागले.

सर्वांत मोठे आभार याचे, की एवढ्या सगळ्यात तुम्ही एकही वाक्य लिहून दिलं नाहीत. तुमच्या हाताला सवय आहे, तुमचं वाक्य माझ्यापेक्षा नेटकं असतं, आणि मला घाई होती. दोन-तीनदा मी सरळ मागितलंही. दरवेळी तुम्ही पेन्सिल माझ्याकडे सरकवलीत.

निबंधाची प्रत काकूंजवळ ठेवली आहे. समास रुंद ठेवलेत, लाल पेनासाठी. पुढचा निबंध पाझर तलावांवर आहे, मुदत दिवाळीनंतरची. रविवारी चारला येते, तुमची झोप झाल्यावर. कात्री मी आणीन, तुमची बोथट झालीय.

आपली,
वरच्या मजल्यावरची