पोस्टमन्स पार्कला जाऊन ये

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

टेट गॅलरीतलं 'होप' हे चित्र पाहून तू विचारलंस, ही आशा की निराशा? त्या काळीही लोकांनी हेच विचारलं होतं. पृथ्वीच्या गोलावर मान टाकून बसलेली बाई, डोळ्यांवर पट्टी, हातातल्या लायर या तंतुवाद्याची एकच तार शाबूत आणि तिलाच कान लावलेला. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्सने हे 1886 मध्ये रंगवलं. त्याच्या दत्तक मुलीचं तान्हं बाळ त्या सुमारास गेलं होतं. हे मनात ठेवून पुन्हा एकदा बघ.

वॉट्स 1817 चा, लंडनचाच. बाप पियानो बनवायचा, घरात पैशांची ओढाताण. संगीतकार हँडेलच्या वाढदिवशी जन्मला म्हणून त्याचंच नाव ठेवलं. 1843 मध्ये पार्लमेंटच्या भित्तिचित्रांच्या स्पर्धेत 300 पौंडांचं बक्षीस मिळालं, त्या पैशांवर इटली. पुढे प्रेम, मृत्यू, काळ असल्या भल्याथोरल्या कल्पनांना त्याने माणसांची रूपं दिली. खरं सांगू? त्यातली बरीच चित्रं मला जड वाटतात. उपदेश आधी पोचतो, रंग मागून येतात.

'चूझिंग' मात्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जाऊन जरूर बघ. त्यात एलन टेरी आहे, पुढे मोठं नाव झालेली नटी. 1864 मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची, हा सेहेचाळीसचा. हे काही माझ्या पचनी पडत नाही, आणि वर्षभरात ती दोघं वेगळी झालीही. पण चित्रात ती बिनवासाच्या कॅमेलियाला नाक लावून उभी आहे, वासाची व्हायोलेट्स मुठीत, आणि तिथे त्याचा हात कुठेही जड पडलेला नाही.

केन्सिंग्टन गार्डन्समधला घोडेस्वार त्याचाच. त्याच्यावर तो वीस वर्षं काम करत राहिला. संधिवातामुळे ओली माती सोसेना, म्हणून प्लॅस्टरमध्ये सरस आणि दोऱ्यांचे तुकडे घालून तो घडवायचा. हा लगदा वाळल्यावर तासता येतो, वर थरही चढवता येतो. एवढा मोठा पुतळा रुळांवरच्या गाड्यावरून बाहेर उजेडात आणत. चित्रकलेची बाई म्हणून मला याचंच जास्त अप्रूप!

तुझ्या ऑफिसपासून सेंट पॉल्स कॅथेड्रल जवळ. तिथून पोस्टमन्स पार्क दोन पावलांवर, जेवणाच्या सुट्टीत होईल. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा वॉट्सने 'टाइम्स'ला पत्र लिहिलं: दुसऱ्यांना वाचवताना जीव गमावलेल्या साध्या माणसांचं स्मारक करा. कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी 1900 मध्ये त्याच्याच पुढाकाराने छपराखालची भिंत उभी राहिली. तिच्यावर नावं लिहिलेल्या फरशा आहेत. अॅलिस एअर्सची शोध: गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याची मुलगी, 1885 च्या आगीत तिने तीन मुलं वाचवली. खिडकीतून गादी खाली टाकली, मुलांना एकेक करून तिच्यावर सोडलं आणि स्वतः मात्र पडून गेली.

बॅरोनेटचा किताब या माणसाने दोनदा नाकारला. रूपकं रचण्यात जन्म घालवलेल्याने इथे फक्त नाव, तारीख आणि काय घडलं एवढंच लिहू दिलं. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम ही भिंतच. तुला पटतं का, ते बघून आल्यावर लिही. उन्हाळ्यात मी आले की कॉम्प्टनला, त्याच्या सरेमधल्या गावी, जाऊ. त्याच्या दुसऱ्या बायकोने, मेरीने, गावकऱ्यांना हाताशी धरून बांधलेलं चॅपल मला बघायचंय.

तुझी,
आई