जरिता महाभारतातच आहे : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या एकांकिकेचं नाव 'जरिता'. पस्तीस मिनिटांची आहे, सात जण लागतात, आणि नेपथ्य म्हणून पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचे, चार भारे. ती अजून कुणीच पाहिलेली नाही. गेल्या जानेवारीत कॉलेजच्या स्नेहसंमेलनात व्हायची होती. आठ दिवस आधी कार्यक्रमपत्रिकेतून तिचं नाव गेलं आणि त्या जागी फिशपाँड आले.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. एक तर मला अजून सहावं सेमिस्टर द्यायचंय. दुसरं म्हणजे जे आमच्याकडं झालं ते कुठल्याही कॉलेजात होऊ शकतं. मला ऑफिसात बोलावून घेतलं. संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद बसले होते. माणूस भला, चहा मागवला त्यांनी. म्हणाले, "बाळ, पौराणिक विषयाला हात लावू नये. लावायचाच तर मूळ आहे तसं करावं. ही जरिता कोण? असं पात्र महाभारतात नाही. हे तू तुझ्या मनानं घातलंयस." मी काही म्हणायच्या आत त्यांनी तोडगाही काढला. त्यापेक्षा मयसभा बसवा, म्हणाले. दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी हसते आणि म्हणते, आंधळ्याचा मुलगा आंधळाच. प्रसंग उठतो!

त्या वेळी मला काहीही सुचलं नाही. चहा पिऊन बाहेर आले. उत्तरं सुचली ती संध्याकाळच्या एसटीत, उभ्यानं, आणि तिथं ऐकायला कंडक्टरशिवाय कुणी नव्हतं. म्हणून आता तुम्हाला लिहिते आहे.

जरिता आदिपर्वात आहे, साहेब. अगदी शेवटी, खांडववन जळतं तिथं. कृष्ण आणि अर्जुन यमुनाकाठी आलेले असतात. ब्राह्मणाच्या रूपात अग्नी येतो आणि जेवायला मागतो. त्याला हवं असतं ते खांडववन. (आमची आज्जी सांगते, तूप खाऊन खाऊन त्याला अजीर्ण झालं होतं म्हणून रान खायचं होतं. "मोठ्यांची अजीर्णं अशीच उतरत्यात," असं ती वर म्हणते.) अर्जुनाला गांडीव मिळतं ते याच कामासाठी. दोन रथ रानाच्या दोन बाजूंना राहतात आणि आतून जो जीव बाहेर पळेल तो परत आगीत पडतो. त्या रानात जरिता नावाची एक पक्षीण आहे. शार्ङ्गक जातीची. चार पिल्लं, पंख न फुटलेली. बाप मंदपाल लपिता नावाच्या दुसऱ्या पक्षिणीकडं गेलेला.

आता इथं व्यासांनी जे लिहिलंय त्याला तोड नाही. आई पिल्लांना म्हणते, शेजारी उंदराचं बीळ आहे, आत शिरा, मी वरून माती लोटते. पिल्लं नको म्हणतात. बिळात उंदीर नक्की खाईल. आगीचं काय, वारा फिरलाही तर? आणि मग तीच पिल्लं आईला सांगतात, तू जा. आम्ही मेलो तर तुला दुसरी होतील, तू मेलीस तर आपला वंश बुडाला. आणि ती जाते. रडत, पण उडून जाते. आग विझल्यावर परत येते तेव्हा पिल्लं जिवंत असतात, कारण बापानं अग्नीची आधीच करुणा भाकलेली असते आणि पिल्लांनीही त्याची स्तुती केलेली असते. मग बापही येतो, आणि जरिता त्याला जे ऐकवते ते मुळातच वाचावं.

त्या जळितातून सहाच जण वाचले असं महाभारत सांगतं. तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय नावाचा असुर आणि ही चार पाखरं. पुढं तोच मय पांडवांना सभा बांधून देतो. त्याच सभेत दुर्योधन पाण्याला जमीन समजून पडतो आणि द्यूताची ठिणगी पडते. तो अश्वसेन पुढं कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाचा सूड घ्यायला येतो. म्हणजे ज्येष्ठांना हवी असलेली मयसभा आणि त्यांना नको असलेली जरिता एकाच जळक्या रानातून बाहेर आल्यात. आणि "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीचं वाक्य? भांडारकर संस्थेनं जुनी हस्तलिखितं ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते सापडत नाही. ते मागाहून कुणीतरी घातलं, लोकांना पटलं, आणि आता तेच मूळ वाटतं.

हे मी त्यांना हिणवायला लिहीत नाही. उलट मला ते फार आवडलं. कुणातरी कीर्तनकारानं, नाटकवाल्यानं नाहीतर घरी पोथी सांगणाऱ्या बाईनं एक वाक्य जोडलं आणि ते इतकं चपखल बसलं की व्यासांच्या नावावर जमा झालं. मी केलं ते याहून फार कमी.

मी काय केलं ते सांगते. शार्ङ्गकाची टिटवी केली. खांडववनाचा ऊस केला.

माझं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. घरी दीड एकर ऊस. टोळी फड तोडून गेली की रानात गुडघ्याएवढं पाचट राहतं. ते कुजवावं, पेटवू नये, हे शेती खात्याचे लोक सांगतात आणि ते खरंही आहे, पण खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्याला, पाणी द्यायची घाई असते, माणूस मिळत नाही, आणि काडी स्वस्तात मिळते. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये वडिलांनी पाचट पेटवलं. मी बांधावर होते. टिटवी झाडावर घरटं करत नाही, अंडी भुईवरच घालते. त्या दुपारी ती आगीच्या कडेकडेनं ओरडत फिरत होती, जवळ यायची, वर जायची, परत यायची. वडील नंतर बराच वेळ गप्प होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "दिसली न्हाई गं अंडी."

त्याच महिन्यात ग्रंथालयात जरिता वाचली. वाचताना मला २०१९ च्या महापुराचा ऑगस्टही आठवला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही दोन रात्री स्लॅबवर. नाव आली तेव्हा आईनं मला आणि भावाला आधी बसवलं, स्वतः आज्जीपाशी आणि म्हशीपाशी राहिली. मी आठवीत होते. मी तिला "तू जा" म्हटलं नाही. मी गुमान नावेत बसले. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं नेणारी नाव उलटली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. महाभारतातली पिल्लं आईला जे म्हणाली ते मला म्हणता आलं नव्हतं, आणि एकांकिका त्याचीच आहे. कृष्णाची नाही, अर्जुनाची नाही. ते दोघं रंगमंचावर येतसुद्धा नाहीत. फक्त रथांच्या चाकांचा आवाज आहे, आधी डावीकडून, मग उजवीकडून. शेवटच्या प्रवेशात जरिता मयसभेत जाते, एवढी एकच गोष्ट मी पूर्णपणे मनानं घातली. गुळगुळीत फरशीवर ती बसायला फांदी शोधते. गंमत म्हणजे त्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता.

एकांकिका फार थोर आहे असं माझं म्हणणं नाही. दुसरा प्रवेश लांबलाय. अग्नी करणारा मुलगा भाषण विसरला की हातवारे वाढवतो. पण ती लांबली म्हणून पाडली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

महोदय, ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन आहे. आपला शुभेच्छा संदेश येईल. आमच्या सांगलीत भावे नाट्यमंदिरात दरवर्षीसारखं विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जाईल. त्या दिवशी आपण नेमकं काय साजरं करतो? १८४३ साली याच गावात विष्णुदास भावे नावाच्या एका तरुणानं सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून रामायणातलं सीतास्वयंवर उभं केलं, ते. आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ संस्थानिकांनी पाहिला होता आणि तसं काही मराठीत करा म्हणून सांगितलं होतं. म्हणजे कल्पना कानडी मुलखातली, कथा वाल्मीकीची, पदं भाव्यांची. आणि संवाद? ते लिहिलेलेच नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापल्या अकलेनं जागच्या जागी बोलायची. राक्षस आरोळ्या ठोकत यायचे. "संहिता आधी दाखवा, मूळ आहे तसंच आहे का बघू," असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर दाखवायला संहिता नव्हती आणि आज साजरा करायला दिवस नसता.

पुढं नाटककार खाडिलकर. जन्म सांगलीचाच, १८७२ चा. १९०७ साली त्यांनी विराटपर्वातला कीचकवध घेतला. प्रेक्षकांना कळलं की कीचक म्हणजे इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, आणि भीम कोण तेही कळलं. सरकारलाही कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ज्या काळी नाटक बंद करायचं तर सरकार निदान तसा हुकूम काढायचं, त्या काळाचा मला हेवा वाटतो असं नाही. पण हुकुमाला कागद असतो. कागदावर सही असते. आमच्या एकांकिकेला काहीच नाही. "सध्या नको," एवढंच. वर "सेन्सॉरला अडकेल" असंही सांगितलं, जेव्हा संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवलीच नव्हती. मंडळाबद्दल माझी तक्रार असायलासुद्धा संहिता तिथवर पोचायला हवी होती. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा संसदेनं काही वर्षांपूर्वी रद्द केला. आपल्या राज्यात संहिता आधी तपासण्याची पद्धत अजून चालू आहे. ती असावी की नसावी यावर मोठी माणसं बोलतात. मला एवढंच दिसतं की तिच्या नुसत्या नावानं, तिनं काही न करताच, पोरांच्या वह्या मिटतात.

आणि मोरोपंतांनी तर रामायणं एकशे आठ रचली असं सांगतात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं. 'राम' म्हणून बघा तसं. म्हणता येत नाही. रामाचं नाव उच्चारता न येणारं रामायण एका पंडितानं, रामभक्तानं, कवित्वाच्या कैफात लिहिलं आणि कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

दुखावतात, हेही मला मान्य आहे. आमच्या घरी श्रावणात पांडवप्रताप लावतात. पोथीला पाय लागला तर मीही पाया पडते. देवाची टिंगल करून टाळ्या घेणारी नाटकं मी पाहिलीत आणि मला ती आवडली नाहीत. पण माझी आज्जी, जिनं उभ्या आयुष्यात सोमवार सोडला नाही, तीच जात्यावरच्या ओवीत रामाला सीतेपुढं हलक्या काळजाचा म्हणते आणि लगेच संध्याकाळी त्याच रामापुढं दिवा लावते. तिला यात विसंगत काही वाटत नाही. घरचा माणूस आहे, त्याला बोलणारच, असा तिचा हिशेब.

आता मागणं. कॉलेजं आपल्या खात्यात येत नाहीत हे मला ठाऊक आहे. उच्च शिक्षण मंत्र्यांचं दालन त्याच इमारतीत असेल, तिथं एक प्रत पोचवावी ही विनंती. विद्यार्थ्यांची संहिता नाकारायची असेल तर लेखी नाकारावी, आणि कुठल्या पानावरचं कुठलं वाक्य का नको ते लिहावं. एवढंच परिपत्रक हवंय. अनुदान नको, समिती तर अजिबात नको. "मूळ कथेत नाही" असं कारण द्यायचं असेल तर देणाऱ्यानं पर्व आणि अध्याय द्यावा. माझी खात्री आहे, कारण लिहायचं म्हटलं की निम्मी माणसं महाभारत उघडतील, आणि उघडलं की त्यांना जरिता भेटेल.

दुसरं मागणं आपल्याच खात्याचं आहे. ५ नोव्हेंबरला पदकाचा समारंभ होतो, मोठ्या रंगकर्मींचा सत्कार होतो, तो व्हायलाच हवा. पण ज्या गावात पोरांनी रामायण जागच्या जागी बोलून उभं केलं तिथं त्या दिवशी एक रिकामा रंगमंच आणि दोन स्पॉटलाइट कॉलेजच्या मुलांना द्यावेत. सांगलीचे, साताऱ्याचे, ज्यांना महाभारत-रामायणातलं काही सांगायचंय ते येतील. भाडं खात्यानं भरावं. आमच्याकडं पाचट आहे.

तोवर आम्ही हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, घाटाच्या पायऱ्यांवर तालमी करतो. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. नाटककार देवलांचं गाव ते, कुणी हटकत नाही. एक-दोन म्हातारी माणसं अंघोळ आटोपून ओल्या पंच्यानं बसून पाहतात.

संहितेची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पान ११ वर पेन्सिलीनं एक ओळ आहे. ती माझी नाही. मी आज्जीला सगळं वाचून दाखवलं तेव्हा पिल्लं आईला जा म्हणतात तिथं तिनं मला थांबवलं. म्हणाली, "अशी कशी लगीच जाईल? एकदा मागं वळून बघंल की. लिव तिथं." मी लिहिलं. ती ओळ तपासताना खोडू नये.

आपली,
टी. वाय. बी. ए., मराठी स्पेशल,
सांगली