केसपेपरच्या खिडकीमागे बसवा मुलांना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या सुरू आहेत. आमच्या सोसायटीतले निम्मे पालक रात्री उशिरापर्यंत कटऑफच्या याद्या घेऊन बसलेले असतात. मी २८ वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात माहिती तंत्रज्ञान शिकवलं, म्हणून संध्याकाळी माझ्या दारावरची बेल वाजते. प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, कॉम्प्युटर घ्यावं, आयटी घ्यावं, की एआय?’ मला जमेल तसं उत्तर मी देते. पण ही मुलं जी सॉफ्टवेअरं बनवायला शिकणार, ती ज्यांना रोज वापरावी लागणार त्या माणसांशी या चार वर्षांत त्यांची एकदा तरी गाठ पडणार आहे का, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. पालकांनी नाही आणि खरं सांगायचं तर आमच्या स्टाफरूममध्येही कोणी नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी माझ्याकडे फायनल इयरच्या चौघांचा एक ग्रुप होता. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाची बाह्यरुग्ण नोंदणी हा त्यांचा प्रोजेक्ट. तिथे आधीपासून एक सॉफ्टवेअर होतं, ते त्रासाचं आहे अशी तक्रार होती, म्हणून मुलं नवं करून देणार होती. दिवाळीआधीच सगळ्या स्क्रीन तयार झाल्या, दिसायलाही सुरेख होत्या. मी म्हटलं, कोड बाजूला ठेवा, आधी आपण दोन दिवस केसपेपरच्या खिडकीमागे बसू. मुलं नाराज झाली. प्लेसमेंटच्या मुलाखती तोंडावर आल्या होत्या, त्यांचंही चुकत नव्हतं.

खिडकीवर ज्या ताई होत्या त्या वीसेक वर्षं तेच काम करत होत्या. साडेआठला खिडकी उघडली तेव्हा रांग पार फाटकापर्यंत गेलेली. वेल्ह्याकडच्या एक आजी पुढे आल्या. ताईंनी विचारलं, ‘आजी, जन्मतारीख?’ आजी म्हणाल्या, ‘तारीख कुठली गं बाई. पानशेत फुटलं तवा मी परकर नेसत व्हते.’ ताईंनी क्षणभरही न थांबता ०१/०६/१९५१ असं टाकलं आणि ‘पुढचे या’ म्हणाल्या. आमच्यातल्या एका मुलीला राहवेना. तिने विचारलं, हे कसं काढलंत? ताई म्हणाल्या, ‘पानशेतचं धरण फुटलं ६१ साली. परकरात म्हणजे नऊ-दहा वर्षांची पोर. आणि तारीख मी सगळ्यांना एक जूनच देते, शाळेत मास्तर द्यायचे तशी. पूर्ण तारीख टाकल्याशिवाय हे पुढे जातच नाही ना!’ मुलांनी दुपारी जुन्या नोंदी चाळल्या, तर पानंच्या पानं माणसं एक जूनला जन्मलेली. आणि मुलांनी स्वतः बनवलेल्या नव्या स्क्रीनवरही जन्मतारखेचा रकाना सक्तीचाच होता. त्यात भर म्हणजे चालू महिन्याचं कॅलेंडर उघडणारा. १९५१ पर्यंत मागे जायला त्या बाईंनी किती वेळा बटण दाबायचं, याचा विचार चौघांपैकी कोणीच केला नव्हता. मीही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी याहून गंभीर गोष्ट कळली. नावं इंग्रजीत टाकायची पद्धत होती. ‘वाघमारे’ कोणी डब्ल्यूने लिहितं, कोणी व्हीने. ‘लक्ष्मी’मध्ये कोणी एक्स घालतं, कोणी के-एस-एच. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की जुना केसपेपर सापडत नाही आणि मग नवा काढावा लागतो. मोबाइल नंबरवरून शोधावं तर अख्ख्या घराचा नंबर एकच, तोही बहुतेक वेळा मुलाचा. एका बाईंचे असे तीन केसपेपर निघाले होते. एकावर साखरेचे रिपोर्ट होते, दुसऱ्यावर पेनिसिलिन सोसत नसल्याची नोंद लाल शाईत होती आणि तिसरा, त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर गेलेला, कोरा होता. तो ताईंनी शिपायाला पाठवून परत मागवला. त्यांना कसं कळलं? त्यांच्या टेबलाच्या खणात २०० पानी एक वही होती. गावाप्रमाणे पानं पाडलेली, विंझर, पासली, दापोडे अशी. गावाखाली नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, त्याखाली पेशंटचं नाव आणि शेजारी खरा केसपेपर नंबर. त्या रुग्णालयाची माहिती प्रणाली म्हणजे ती वही होती. संगणक फक्त पावती छापत होता.

पुढच्या तीन महिन्यांत मुलांनी सगळं नव्याने केलं. जन्मतारखेच्या जागी अंदाजे वय आलं, नाव देवनागरीत आलं, शोधायला गाव आलं. नाव उच्चारावरून शोधायची पद्धत तशी जुनी आहे, अमेरिकेत १९१८ साली तिचं पेटंट निघालं होतं. पण ती आपल्या नावांना बसवायला त्यांचा एक महिना गेला. मला त्या कामाचा आजही अभिमान वाटतो. तोंडी परीक्षेला मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘यात नवीन काय? अल्गोरिदम कुठला? मशिन लर्निंग कुठे आहे?’ त्याच दिवशी दुसऱ्या एका ग्रुपने इंटरनेटवरून तयार डेटासेट उतरवून एक्स-रेवरून आजार ओळखायचा प्रोजेक्ट दाखवला. त्यांनी एकाही दवाखान्याची पायरी चढली नव्हती. गुण त्यांना जास्त मिळाले.

हे मी कोणाला नावं ठेवायला लिहीत नाही. त्या परीक्षकांना आम्हीच घडवलं आहे. पण ज्या विषयाला जगभरातली विद्यापीठं मानवकेंद्री माहिती प्रणाली म्हणतात तो नेमका हा विषय आहे. त्यात प्रणाली म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे. खिडकी, रांग, वही, ताई आणि आजी हे सगळं मिळून प्रणाली. माझ्या वेळी आमच्याकडे हा विषय ऐच्छिक होता, आणि तो घेणारी मुलंही पडद्यावर बटण कुठे असावं, रंग कोणता असावा एवढ्याच नोट्स पाठ करून पेपर द्यायची.

इंग्लंडमध्ये इनिड ममफर्ड नावाच्या प्राध्यापिका होत्या. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांचा अभ्यास करायचा म्हणून त्या कामगारांच्या कँटीनमध्ये मदतनीस म्हणून कामाला राहिल्या. पुढे मँचेस्टरमध्ये त्यांनी संगणक प्रणाली आखायची जी पद्धत उभी केली, तिचा पायाच असा होता की ज्यांना ती वापरायची आहे त्यांनीच आखणीला बसायचं.

दुसरं उदाहरण तर तुमच्याच व्यवसायातलं आहे, संपादक महोदय. १९८१ साली स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी छापखान्यातल्या कामगारांच्या संघटनेबरोबर ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. वर्तमानपत्राचं पान लावायचं काम संगणकावर जाणार हे तोपर्यंत दिसू लागलं होतं. मशीन अजून हातात आलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी पुठ्ठा आणि प्लायवूडची खोटी मशीन केली. एका रिकाम्या खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ असं लिहिलं आणि पानं लावण्यात हयात गेलेल्या माणसांना सांगितलं, समजा हे चालतंय, आता तुमचं रोजचं काम करून दाखवा. त्यातून कामगारांचे हात कुठे जातात, त्यांना पान पूर्ण का दिसायला हवं, हे कळत गेलं. आपल्याकडे खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले तेव्हा त्यांच्या हातातलं ज्ञान असं कोणी टिपून घेतलं का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि दूर कशाला जायचं? दार ठोठावून माणसाला विचारायची परंपरा पुण्याची आहे. गोखले इन्स्टिट्यूट १९३० साली सुरू झाली आणि तिचे संचालक, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी त्याच दशकात पुणे शहराची घरोघर जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी करवली. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या आणि त्यांचं संशोधन गावोगाव हिंडून झालं. सुपर कॉम्प्युटरही पुण्याचाच, १९८८ साली इथे सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये ‘परम’ उभा राहिला. या दोन परंपरा एकाच शहरात नांदल्या, पण आमच्या अभ्यासक्रमात त्यांची गाठ पडली नाही. विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात संगणकशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, मानवशास्त्र, मराठी हे सगळे विभाग आहेत, एकाकडून दुसऱ्याकडे पायी जाता येतं. संगणकाच्या विद्यार्थ्याला पीएचडीसाठी त्यातला एक सहमार्गदर्शक हक्काने का मिळू नये?

असं काम मराठीत होतं याचा पुरावा पवईच्या आयआयटीत आहे. तिथल्या आयडीसीत, म्हणजे डिझाइनच्या विभागात, ‘स्वरचक्र’ नावाचा मोबाइलचा कीबोर्ड तयार झाला. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती क, का, कि, की असं चक्र उघडतं. म्हणजे पहिलीत आपण बाराखडी जशी शिकलो तशीच ती बोटाखाली येते. इंग्रजी कीबोर्डावर मराठी अक्षरं चिकटवण्यापेक्षा हे किती वेगळं आहे, ते माझ्या ७९ वर्षांच्या मोठ्या बहिणीला विचारा. तिला मी एकदाच दाखवलं, आता ती नातवाला रोज निरोप लिहिते.

उलटं उदाहरणही सांगते. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन तापतात, अडकतात आणि पोषणाच्या नोंदी ज्या ॲपमध्ये भरायच्या ते इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. बालकाचं वजन घेणारी, आईला समजावणारी बाई त्या कामात तरबेज आहे. तिला अडाणी ठरवलं ते ॲपने.

माझी मागणी मोठी नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट दोन सत्रं चालतो. त्यातलं पहिलं सत्र मुलांना जागेवर बसवा. केसपेपरची खिडकी, तलाठी कार्यालय, रेशन दुकान, मार्केट यार्डातला आडत्याचा गाळा, पीएमपी बसचा डेपो, कुठेही. निदान ४० तास. कोड लिहायचा नाही, फक्त बघायचं, विचारायचं आणि वहीत लिहायचं. ती वही मराठीत लिहिलेली चालली पाहिजे आणि तिला टर्मवर्कचे गुण पाहिजेत, कारण ज्याला गुण नाहीत ते आमच्याकडे कोणी करत नाही. तोंडी परीक्षेला परीक्षकाच्या शेजारी ते सॉफ्टवेअर वापरणारं एक माणूस बसवा आणि त्याला प्रश्न विचारू द्या.

माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. निम्मे शिक्षक कंत्राटी, त्यात नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं, वर्षाला अमुक इतके शोधनिबंध, कोण जाणार मुलांना घेऊन खिडकीवर? आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे एकेका शिक्षकाच्या हौसेवर सोडता येणार नाही, विद्यापीठाने ते कामाच्या तासांत धरलं पाहिजे. रुग्णालयं किंवा कचेऱ्या परवानगी देतील का, हाही प्रश्न येतो. देतात, नीट विचारलं तर देतात. पेशंटचं नाव बाहेर न्यायचं नाही, फोटो काढायचा नाही, आधी संमती घ्यायची, हे मुलांनी तिथेच शिकावं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, वर्गात त्यावर एक तास होतो आणि संपतो. खिडकीवर तो अर्ध्या दिवसात कळतो.

कॉलेजं सुरू झाली की महिनाभरात प्रोजेक्टचे विषय ठरतील. एकदा याद्या नोटीस बोर्डावर लागल्या की पुढच्या वर्षापर्यंत कोणी ऐकणार नाही. प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी त्याआधी हे वाचावं म्हणून आपल्याकडे पत्र पाठवत आहे. कुठल्या कॉलेजाला सोबत हवी असेल तर मी आनंदाने येईन, मानधन नको.

गेल्या महिन्यात गुडघ्यासाठी त्याच रुग्णालयात गेले होते. मुलांचं सॉफ्टवेअर तिथे बसलं नाही. ती चौघं नोकरीला लागली आणि देखभालीला कोणी उरलं नाही. खिडकीवर त्याच ताई आहेत. वही आता तिसरी आहे, पहिल्या दोन खाली कपाटात दोरीने बांधून ठेवल्या आहेत. ताई येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. त्या वह्या कशा वाचायच्या हे त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नाही आणि शेजारी एक खुर्ची रिकामी आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
कोथरूड, पुणे