काट्याच्या पावतीवर गाडीची क्षमताही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ कांद्याची आवक वाढली की 'टायर फुटून पिकअप उलटली' अशी बातमी आपल्या पानावर हमखास दिसते. गाडीत माल किती होता, टायर कोणता होता, हे मात्र त्यात नसतं. मुंबई–आग्रा महामार्गावर चांदवडजवळ माझं टायरचं दुकान आहे. फुटलेले टायर पुष्कळदा माझ्याच दारात येऊन पडतात, म्हणून हे पत्र.

टायरच्या बाजूला ठशातली अक्षरं असतात. जुन्या टायरवर ती सहज दिसत नाहीत. ओलं फडकं मारून वरून खडू फिरवला की उठून येतात. पिकअपच्या टायरवर '१९५ आर १५ एलटी ८ पीआर १०६/१०४' असं काहीतरी असतं. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि १५ इंचाची रिम, एवढं बहुतेकांना कळतं. शेवटच्या १०६ कडे कोणी बघत नाही. तो भाराचा आकडा. हे किलो नव्हेत, कोष्टकातला क्रमांक आहे: १०६ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ९५० किलो. पुढचा १०४ म्हणजे ९०० किलो, मागे जोडचाकं असतील तेव्हासाठी.

हल्ली गिऱ्हाईक आधी तारीख विचारतं. २२२४ म्हणजे २०२४ सालचा बाविसावा आठवडा, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि ते चांगलंच झालं. त्यानंतर विचारतात, "किती प्लायचा?" आठ प्लाय म्हणजे आत आठ थर, ही समजूत अजून घट्ट आहे. रेडियल टायरमध्ये तेवढे थर नसतात. तो मजबुतीचा दर्जा आहे. भाराचा आकडा विचारणारा मात्र विरळा.

आता हिशेब बघा. आरसी बुकावर मालासकट एकूण वजन २,९९० किलो लिहिलेली पिकअप घ्या. कांदा भरून ती काट्यावर ४,२०० किलो भरते. मालाचा बहुतेक बोजा मागच्या दोन चाकांवर जातो, म्हणजे तिथे अंदाजे २,८०० किलो, एका टायरवर १,४००. टायरची ताकद ९५० ची. काही जण तर रिम १५ चीच आहे, बसतोय ना, म्हणून मोटारीचा ९१ आकड्याचा टायर स्वस्तात चढवून मागतात. ९१ म्हणजे ६१५ किलो! मी तो बसवून देत नाही. माणूस रागावून पुढच्या दुकानात जातो.

असा टायर माल भरताना फुटत नाही. भाराखाली त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्यातून आत उष्णता साठत जाते, रबर आणि आतले थर एकमेकांना सोडू लागतात. हवा कमी असेल तर हे आणखी लवकर होतं. मग एप्रिल-मेच्या उन्हात, राहुड घाटाच्या आसपास, रिकाम्या सरळ रस्त्यावरसुद्धा तो जातो. असा टायर रिमवरून उतरवून आत हात घाला. काळा बारीक भुगा तळहाताला लागतो. ते आतून झिजून पडलेलं रबर असतं, बाहेरची नक्षी चांगली असली तरी.

शेतकऱ्याला दोष देणं मला जमत नाही. भाव पडलेला असतो, दोन खेपांचं भाडं परवडत नाही. गाडीवाल्यालाही हप्ता भरायचा असतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. गाडी उलटली तर माल जातोच, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा यात काय गुन्हा?

म्हणून बाजार समित्यांना विनंती आहे. कांद्याची प्रत्येक गाडी तुमच्या काट्यावर भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा वजन होते. त्याच पावतीवर आरसीवरचं एकूण वजन छापा. म्हणजे जादा भार किती, हे चालकाला परतताना हातातल्या कागदावर दिसेल. पासिंगच्या वेळी टायरची नक्षी बघतात तसा भाराचा आकडाही आरसीशी ताडून बघितला जावा. आणि आपल्या वार्ताहरांनी अपघाताच्या जागी टायरवरचे ते आकडे टिपून घ्यावेत. फोटोत आले तरी चालेल.

भाराच्या आकड्यांचं कोष्टक मोठ्या अक्षरांत रंगवून काट्याशेजारी लावायला आमच्या भागातली कोणतीही समिती तयार असेल, तर फलकाचा आणि रंगाऱ्याचा खर्च मी देईन. रोज सकाळी तासभर तिथे उभं राहून गाडीवाल्यांना आकडे वाचून दाखवायचीही माझी तयारी आहे.

आपला,
एक टायर दुकानदार, चांदवड (जि. नाशिक)