वरूडच्या भाऊंना

भाऊ,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पर्सनलवर नुसता 'धन्यवाद' आणि जोडलेले हात पाठवून माझं समाधान झालं नाही. म्हणून हे चारचौघांत.

ऑगस्टमध्ये यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि काटोलची बाग माझ्याकडे आली. नागपुरात इतकी वर्षं संसार केला, संत्र्याची झाडं मात्र लांबूनच पाहिलेली. खोडातून डिंक गळतोय, एवढं गड्यानं फोनवर सांगितलं. औषधाच्या दुकानदारानं फोटोकडे न बघताच दोन बाटल्या हातात टेकवल्या. शेवटी पुतण्यानं मला संत्रावाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं.

तिथं मी करू नये ते सगळं केलं. रात्री साडेअकराला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज. एकच धूसर फोटो तीनदा. लोक बहाराबद्दल बोलत होते, त्यांच्या मधेच इंग्रजी कॅपिटलमध्ये 'प्लीज हेल्प'. सकाळी उठून वर गुलाबाचं गुड मॉर्निंग.

उत्तरं आली ती अशी: 'वर वाचा', 'नियम पाहा', 'इथं टाइमपास चालत नाही'. एकानं माझ्या आवाजावर हसणारे चेहरे टाकले. दुसरा म्हणाला, 'अ‍ॅडमिन, काढा यांना.' साठीला आलेली बाई मी, फोन उशीखाली सारला आणि रडले. खोटं कशाला बोलू?

दुपारी तुमचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. 'ताई, प्रश्न बरोबर आहे तुमचा, फक्त पोचून नाही राहिला.'

मग तुम्ही सांगितलं: बोलू नका, लिहा. झाडाचं वय लिहा, पाणी ठिबकनं देता की पाटानं ते लिहा, डिंक जमिनीपासून किती वर आहे तेही. फोटो उजेडात काढा आणि खोडाला काडेपेटी लावून धरा, म्हणजे जखम केवढी ते कळेल. मी लिहिलं. तुम्ही तीन ओळी नीट करून परत पाठवल्या. मी म्हटलं, भाऊ, तुम्हीच टाका ना, तुमचं ऐकतात सगळे.

'नाही ताई, तुमच्याच नावानं जाऊ द्या. उद्याही तुम्हालाच विचारायचं आहे तिथं.'

भाऊ, झाडं वाचली त्याहून मोठं मला हे वाटतं. तुम्ही माझा प्रश्न उचलून नेला नाहीत. मी तिथं राहणार आहे, हे तुम्ही धरूनच चाललात.

अर्ध्या तासात उत्तरं आली, सकाळी चिडलेल्यांचीसुद्धा. पाटाचं पाणी खोडाला लागत होतं, तिथूनच हा डिंक्या रोग. पाणी खोडापासून लांब ठेवणारं दुहेरी आळं आणि खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट, बाकीचं बागवाल्यांना ठाऊक आहे.

मुलानं मला नंतर इंटरनेटवर कसं वागावं याची एक जुनी नियमावली वाचून दाखवली. ऑक्टोबर १९९५ ची, आरएफसी १८५५ नावाची, व्हॉट्सअ‍ॅपचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची. त्यात लिहिलंय की चर्चेत काही टाकण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा, आणि सगळी अक्षरं कॅपिटल म्हणजे ओरडणं. माझ्या चुका तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेल्या! पण त्याच कागदात हेही आहे की एका माणसाशी मतभेद झाला तर तो त्याच्याशी खाजगीत बोलून मिटवा. मला नियम दाखवणाऱ्यांनी हा नियम पाळला नाही. रोज तेच प्रश्न वाचून माणूस वैतागतो, हे मला आता कळतं. तरी शेकडो लोकांसमोर कुणाचा आवाज हसण्यावारी नेऊ नये. तुम्हीही दिवसभर बागेतच राबता. तुम्हाला वेळ मिळाला, कारण तुम्हाला समोर माणूस दिसला.

हे आता काठी टेकत आळ्यांपर्यंत जातात. डिंक वाळलाय, खपली धरली आहे. वरूडच्या माणसाला संत्री काय पाठवणार? थंडीत सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, कोवळा येतो. वहिनींना घेऊन नागपूरला या, सांबारवडी करते. यायच्या आदल्या दिवशी कळवा, सारण मला ताजं लागतं.

तुमची,
काटोलवाली ताई