सुध्याला पत्र: ती यादी फाड आणि उल्मला ये

स्टुटगार्ट,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझी यादी मिळाली. पाच दिवसांत आठ ठिकाणं! लेका, तू सहल करायला येतोयस की शिरगणती? आणि पहिल्या नंबरवर नोयश्वानस्टाइनचा किल्ला. तो मुळात आमच्या भागात नाही, शेजारच्या बव्हेरियात आहे. आणि बांधायला घेतला १८६९ साली. म्हणजे आपली आगगाडी बोरघाट चढून गेली त्यानंतर सहा वर्षांनी. किल्ला कसला, राजाची हौस ती.

आमच्या जवळचा होहेनझोलर्नही तसलाच. डोंगराच्या टोकावर, खाली धुकं, वर बुरूज. लांबून असा दिसतो की बघत राहावं. पण आजचा हा किल्ला पुरा झाला १८६७ मध्ये. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर बोटांनी खोबण्या चाचपत चढलेल्या माणसाला तिथे तासाभरात जांभया येतील. तुला मी होहेननॉयफेनला नेईन. पडका, राकट, खरा. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून गडांच्या वाटा मोडल्या. इथे लोकांनीच गडाचे दगड घरं बांधायला उचलून नेले. भग्न गडावर बसून डबा खायची आपली सवय तिथे मोडायची गरज नाही.

हा सगळा मुलूख श्वाबेन. मधून जो डोंगर जातो तो आल्ब. आल्प्स नव्हे, आल्ब. चुनखडीचा आहे. पाऊस पडतो तो सगळा भेगांतून खाली उतरतो आणि वरची गावं कोरडी. पायथ्याशी ब्लाउबॉयरेनला तेच पाणी निळ्याशार कुंडातून बाहेर येतं, इतकं निळं की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रंग टाकलाय की काय असं वाटलं. वरच्या लोकांनी मात्र शतकानुशतकं छपरावरचं पाणी साठवलं आणि डबक्यातलं प्यायले. १८७०च्या दशकात पंप बसले, तेव्हा कुठे खोऱ्यातलं पाणी वर चढलं. घाटमाथ्यावर चार महिने पाऊस झोडपतो आणि मार्चमध्ये बायका हंडा घेऊन दरीत उतरतात, ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता उल्म. स्टुटगार्टहून गाडीने तासाभराच्या आत. डॅन्यूबच्या काठावरचं गाव आणि मधोमध ते चर्च, म्युन्स्टर. १३७७ साली पाया घातला. बिशपने नाही, राजाने नाही. गावकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने. १५४३ला काम थांबलं, मनोरा तेव्हा जेमतेम शंभर मीटरवर आलेला. मग तीनशे वर्षं तसाच बोडका उभा. १८४४ला पुन्हा हात घातला आणि १८९०ला कळस चढला: १६१.५३ मीटर. २०२५च्या ऑक्टोबरपर्यंत जगातलं सगळ्यांत उंच चर्च हेच होतं, मग बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलियाने मागे टाकलं. उल्मकर म्हणे फार मनाला लावून घेत नाहीत. मला ते खरं वाटत नाही.

मी आलो त्या पहिल्याच वर्षी वर गेलो होतो. ७६८ पायऱ्या. शेवटचा जिना इतका अरुंद की खांदे दोन्हीकडे घासतात. मी दोनदा थांबलो, आणि मागून एक सत्तरीच्या आजीबाई सहज 'मॉर्गेन' म्हणून पुढे निघून गेल्या. तेव्हा तुझी आठवण आली. तू असतास तर आठवडाभर हसला असतास.

खाली उतरलास की घाई करू नको. गाभाऱ्याच्या बाजूला ओकच्या लाकडाची बाकं आहेत, योर्ग सिर्लिनने १४६९ ते १४७४ या काळात कोरलेली. आता चर्चमध्ये कोण असावेत? संत, देवदूत. इथे बाकांच्या टोकांना कोपर टेकून बसलेत पायथागोरस, खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी, रोमन वक्ता सिसेरो. ख्रिस्ताचं नावही न ऐकलेली माणसं आणि ख्रिस्तानंतरचा एक टॉलेमी, ज्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. लाकडात हाताच्या शिरा दिसतात. कपाळावरच्या आठ्या दिसतात. देवळाच्या सभामंडपात कुणी चार्वाक कोरून ठेवावा, तसं काहीसं.

आणि हे गाव स्वतःवर हसतं, ते मला फार आवडतं. गोष्ट अशी की चर्चसाठी लांबलचक तुळई आणली ती आडवी धरून, आणि वेशीच्या दारातून ती काही आत जाईना. दार पाडायचं घाटत होतं, तेवढ्यात एक चिमणी चोचीत काडी उभी धरून फटीत शिरली. मग यांच्या डोक्यात प्रकाश पडला! त्या चिमणीचा तांब्याचा पुतळा चर्चच्या छपरावर आहे. आपल्या मूर्खपणाचं एवढ्या उंचीवर स्मारक दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. बेर्ब्लिंगर नावाच्या शिंप्याचं मात्र वाईट वाटतं. १८११ साली तो स्वतः बनवलेले पंख लावून तटावरून उडाला आणि सगळ्या गावासमोर थेट डॅन्यूबमध्ये पडला. आयुष्यभर टिंगल झाली. पंखांत तसा फार दोष नव्हता, थंड नदीवर माणसाला उचलून धरणारी हवाच नसते, हे पुष्कळ नंतर कळलं. आइन्स्टाइनचा जन्मही इथलाच, १८७९चा. पण पुढच्याच वर्षी घर म्युनिकला हललं, आणि ती जन्माची इमारत १९४४च्या बाँबहल्ल्यात गेली. जुनं गाव बहुतेक जळलं त्या डिसेंबरात. म्युन्स्टर उभं राहिलं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते वेगळंच आहे. उल्मच्या संग्रहालयात एक मूर्ती आहे. ३१ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढी. मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली. माणसासारखी ताठ उभी, आणि डोकं सिंहाचं. वय सुमारे ४०,००० वर्षं. आल्बच्या एका गुहेत तिचे तुकडे सापडले ते २५ ऑगस्ट १९३९ रोजी, खणकामाच्या शेवटच्या दिवशी. आठवड्याभरात महायुद्ध सुरू. तुकडे खोक्यात गेले आणि तीस वर्षं कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. १९६९मध्ये ते जुळवायला घेतले तेव्हा उलगडलं की हा सिंह-माणूस आहे.

तू लगेच 'नरसिंह!' म्हणणार, मला माहीत आहे. तुमचं कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचं. काचेसमोर उभा राहिल्यावर माझ्याही तोंडात तेच आलं होतं. पण संबंध काही नाही रे, मध्ये इतका काळ आहे की ओढूनताणून जोडूच नये. मी उगाच हात जोडले नाहीत. पण तिथून हललोही नाही लवकर. त्याच्या डाव्या दंडावर सात आडव्या रेघा आहेत, एकाखाली एक, जवळजवळ सारख्या अंतरावर. गोंदण असेल, जखमेचे वण असतील, मोजदाद असेल. तशाच गारगोटीच्या हत्यारांनी कुणीतरी प्रतिकृती करून पाहिली, तर साडेतीनशेहून जास्त तास लागले. बाहेर हिमयुग, शिकार नाही मिळाली तर उपास, आणि टोळीतला एक माणूस इतके दिवस कोरत बसलाय. म्हणजे बाकीच्यांनी त्याला जेवू घातलं असणार. मला सगळ्यांत जास्त याचंच अप्रूप वाटतं.

तिथल्याच दुसऱ्या गुहेतून, होहले फेल्समधून, गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी निघाली, पाच भोकांची. ती ब्लाउबॉयरेनच्या संग्रहालयात आहे. तू बासरी शिकायला लागून तीन महिन्यांत सोडलीस, म्हणून तुला मुद्दाम दाखवणार.

जेवणाचं टेन्शन घेऊ नको. माउलताशे म्हणून एक प्रकार मिळतो, करंजीचा चौकोनी भाऊ. म्हणतात की माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवसांत मांस देवाला दिसू नये म्हणून ते कणकेत लपवलं. एकादशी आणि दुप्पट खाशी इथेही आहेच. आणि मसूर! आल्बवरचा जुना मसूर साठच्या दशकापर्यंत पिकवायचं बंद झालं, बीसुद्धा उरलं नाही. मग २००६ साली ते रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या बियाणं-संग्रहात सापडलं आणि इथल्या शेतकऱ्यांनी पुन्हा पेरलं. इथे ते नूडल्सवर घालून खातात. मी आमटी करतो.

तेव्हा मे महिन्यात ये, दोन दिवस उल्म, दोन दिवस आल्ब, एक दिवस नुसता झोप. बूट चांगले घाल, ते पांढरे आणू नकोस.

तुझा,
मन्या

ता. क. वहिनींना सांग, गोडा मसाला पाव किलो. संपून दीड महिना झाला, आणि त्या मसुराची आमटी सध्या नुसत्या मीठ-तिखटावर चालली आहे.